बिबट्या दाखवायचा नाही, पण ताण आला पाहिजे: आवाज आणि कॅमेरा कसा वापरू?

उसातला_कॅमेरा (शिराळा)

नमस्कार मंडळी. आम्ही मित्र मिळून बारा-तेरा मिनिटांची शॉर्टफिल्म करतोय. गोष्ट आमच्याच भागातली आहे. शेतीची थ्री फेज लाइट रात्रीची, म्हणून नवरा उसाला दारं धरायला जातो. बायको घरी, पोर पाळण्यात. उसात बिबटे राहतात, उसातच पिल्लं घालतात, हे इकडं शाळेतल्या पोरालाही ठाऊक आहे. त्यामुळे भीती कशाची ते वेगळं सांगावं लागत नाही.

शूटिंग मोबाइलवर केलं. एडिट लावून बघितलं तर नुसता एक माणूस उसात फिरतोय. मग नेटवरून हॉररचं म्युझिक घेऊन लावलं, ढोलाचे ठोके आणि व्हायोलिनची किंचाळी. त्यानं होतं ते पण गेलं. चुलत्यांनी बघितलं आणि विचारलं, "एवढं वाजतंय कशाला? काय झालंय काय?"

बिबट्या दाखवणं परवडत नाही आणि दाखवायचाही नाही. कॉम्प्युटरवर केलेलं जनावर लगेच ओळखू येतं. सगळी फिल्म एका चार मिनिटांच्या सीनवर उभी आहे: नवरा सरीत आहे, हातात बॅटरी आहे, आणि उसात काहीतरी आहे. आत्ता त्यात कॅमेरा हातात धरून त्याच्या मागं मागं पळतोय, दर दोन-तीन सेकंदाला कट आहे. तरी काही होत नाही.

परत शूट करायची तयारी आहे, पण तोड आली की ऊस गेला. आवाज आणि कॅमेरा या दोन गोष्टींनी ताण नक्की कसा तयार होतो, हे कुणी नीट समजावून सांगेल का?

कोयनाकाठ (कराड तालुका)

सिनेमातल्या माणसानं सिनेमाचं सांगावं, मी दारं धरणाऱ्याचं सांगतो.

रात्री उसात डोळ्याला काम नसतं. बॅटरीचा उजेड दोन सऱ्यांच्या पलीकडं जात नाही, पुढं नुसती पानांची भिंत. सगळा कारभार कानावर चालतो. पाणी सरीत कुठवर गेलं ते आवाजावरून कळतं. कुठं बांध फुटला तर आवाज बदलतो. पाचट सगळीकडं वाजत असेल तर वारा आहे. एकाच ठिकाणी वाजलं तर वारा नाही. टिटवी ओरडली की माणूस जागेवर थांबतो, कारण रात्री ती ओरडते म्हणजे तिच्या जागेजवळून कुणीतरी चाललेलं असतं, माणूस, कुत्रं नाहीतर दुसरं काही.

आणि एक. एकटा माणूस रानात जाताना मोबाइलवर गाणी लावतो, काठी आपटत चालतो. वनखात्याची माणसंही हेच सांगतात, आवाज करत जा. तुमचा नवरा गप्प का चाललाय?

जवारी (मिरज)

कोयनाकाठ यांनी तुमचा सीन लिहूनच दिला आहे. मी फक्त त्याची मांडणी सांगते.

माझं माहेर सतारमेकर गल्लीतलं. वडील तंबोऱ्याची जवारी काढायचे. घोडीवर तारेखाली सुताचा धागा असतो, तो केसभर सरकला की अख्खा सूर उघडतो किंवा बसतो. गल्लीत दिवसभर ठोकाठोक चालायची, तिच्याकडे आम्हा मुलांचं लक्ष नसायचं, पण लागलेल्या तंबोऱ्यात एक तार उतरली की स्वयंपाकघरातली आईसुद्धा मान वर करायची. कानाचा स्वभावच असा आहे. अखंड चालू असलेल्या आवाजातला बारीक बदल तो लगेच पकडतो, आणि मोठा दणका दुसऱ्या-तिसऱ्या वेळी त्याच्या अंगवळणी पडतो. पुढे मुंबईत सिनेमाच्या साउंडवर बरीच वर्षं काम केलं, तिथेही मला याच गोष्टीचा सर्वांत जास्त उपयोग झाला.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे: या सीनमध्ये आवाज वाढवू नका. आधी भरपूर आवाज द्या आणि मग एक एक काढून घ्या.

सुरुवातीला तीन आवाज एकावर एक ठेवा. विहिरीवरच्या मोटरची घुं, सरीतलं पाणी, आणि नवऱ्याच्या खिशातल्या मोबाइलवरचं गाणं. गाणं सिनेमातलं घेऊ नका, हक्कांचा प्रश्न येतो. गावच्या भजनी मंडळाकडून पारंपरिक चालीतला एखादा अभंग रेकॉर्ड करून घ्या. मग मिनिटभर काहीही घडू देऊ नका. तो फावड्यानं माती ओढतो, पाणी वळवतो, पुढच्या सरीला जातो, गाण्यातली एखादी ओळ स्वतः म्हणतो. हे तिन्ही आवाज प्रेक्षकाच्या इतके ओळखीचे व्हायला हवेत की ते चालू आहेत हेच तो विसरेल.

पहिला आवाज त्यानं स्वतः बंद करायचा. पाचट एका ठिकाणी वाजलं, नीट ऐकावं म्हणून त्यानं गाणं थांबवलं. पुढे काहीच वाजत नाही. तो पुन्हा फावडं उचलतो, पण गाणं परत लावत नाही. हे फार महत्त्वाचं आहे. त्याच्या तोंडी एक शब्द न घालता प्रेक्षकाला कळतं की आता हा माणूस ऐकत काम करतोय, आणि मग प्रेक्षकही ऐकत बसतो.

दुसरा आवाज लाइट नेते. मोटर थांबते. शहरातल्या प्रेक्षकाला इथे कदाचित नुसती शांतता वाटेल, तुमच्याकडच्या माणसाला पुढचं सगळं दिसेल: आता याला अंधारात बांधावरून विहिरीपर्यंत चालत जायचं आहे. आपली वीज ५० हर्ट्झची, तिच्यावर मोटर मुख्यतः १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. तो खालचा सूर इतका वेळ छातीला लागून असतो, तो गेला की आधीपासून चालू असलेले रातकिडे पहिल्यांदा कानावर येतात. मोटर पाण्यातली असेल तर ही घुं बाहेर येणार नाही, सीनसाठी विहिरीवरची मोनोब्लॉकच धरा.

तिसरा आवाज पाण्याचा, आणि तो एकदम जात नाही. पाइपातलं संपतं, मग पाटातलं, मग सरीतलं मुरत जातं. हे तुमचं घड्याळ आहे. पाणी वाजतंय तोवर त्यानं उसाबाहेर पडावं असं बघणाऱ्याला वाटायला लागतं, असा काही नियम कुणी सांगितलेला नसताना. हा भाग कापू नका. जितका वेळ पाणी मुरायला लागतो त्याच्या जवळपास वेळ पडद्यावर जाऊ दे.

आता बायकोकडे या. मोटर बंद पडते तो क्षण उसात दाखवूच नका. उसातलं चित्र सोडून घरात या, मोटरची घुं तशीच चालू ठेवा, आणि ती तिच्या चेहऱ्यावर बंद पडू द्या. गावठाणाची लाइन शेतीच्या लाइनहून वेगळी असते, त्यामुळे तिच्या घरातला दिवा लागलेलाच राहतो. तिचं काही बिघडलेलं नाही, फक्त दूरवरचा एक आवाज गेला आणि पाळण्याच्या दोरीवरचा तिचा हात थांबला. हा तुमच्या फिल्ममधला सर्वांत मोठा क्षण होऊ शकतो. इथे अंतर मात्र खरं वाटायला हवं. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने पडतो, आणि उभ्या पिकातून येताना वरचे सूर आधी मरतात. म्हणून तिला फक्त घुं ऐकू येईल, पाण्याची खळखळ नाही. उसात रेकॉर्ड केलेलाच आवाज बारीक करून घरात लावलात तर तो खोटा वाटेल, त्याचे वरचे सूरही कापा.

पाळणा आहेच तर 'शोले' (१९७५) आठवा. ठाकूरच्या घरच्यांना मारतात त्या प्रसंगात मोकळ्या झोपाळ्याची करकर आहे. माणसं पडलेली असतात आणि ती करकर चालू राहते. त्यातला घरगुतीपणाच अंगावर येतो. तुमच्या पाळण्याची करकर घरात सगळं सुखात असताना पहिल्या मिनिटापासून ऐकवा, म्हणजे नंतर ती थांबली तरी पुरे.

बिबट्याला एकच आवाज द्या. फ्रिट्झ लांगच्या 'एम' (१९३१) मध्ये खुन्याची खूण म्हणजे त्याची शीळ. तो चौकटीत नसतो, शीळ ऐकू येते आणि पोटात गोळा येतो. शेवटी त्याला ओळखतो तोही एक आंधळा फुगेवाला, त्या शिळेवरून. तुमची शीळ म्हणजे पाचट मोडल्याचा एक कट्ट आवाज. पहिल्यांदा दबका आणि दुरून, दुसऱ्यांदा दुसऱ्याच बाजूनं, तिसऱ्यांदा स्पष्ट, कोरडा, जवळ. चौथ्यांदा नको. गुरगुर अजिबात नको. शिकारीवर निघालेला बिबट्या गुरगुरत हिंडत नाही आणि तुमच्या गावाला ते माहीत आहे.

अजिंक्यतारा (सातारा)

मी एडिटिंग करतो. जवारीताईंशी बहुतेक ठिकाणी सहमत, पण संगीत लावूच नये असा अर्थ यातून निघायला नको. 'जॉज' (१९७५) घ्या. समुद्राच्या पाण्यात यांत्रिक शार्क सारखा बिघडत होता, म्हणून स्पीलबर्गला तो न दाखवता काम भागवावं लागलं आणि पहिल्या तासाभरात मासा धड दिसतच नाही. त्याची जागा जॉन विल्यम्सच्या दोन सुरांनी घेतली. पण त्या सुरांचा हिशेब किती चोख आहे बघा. दोन पोरं खोटा पर लावून लोकांना घाबरवतात तेव्हा ते संगीत वाजत नाही. म्हणजे सूर वाजले की मासा आहे, नाही वाजले तर नाही, हा शब्द प्रेक्षकाला दिलेला आहे. आणि मग बोटीवर एकदा मासा काहीही न वाजता पाण्यातून वर येतो. आधी शब्द पाळला म्हणून तो मोडल्यावर माणूस खुर्चीतून उठतो. असं वापरणार असाल तर संगीत जरूर घ्या. नेटवरचं तयार म्युझिक हे करू शकत नाही, कारण त्याला तुमची गोष्ट माहीत नाही.

दुसरं, तुमचे दोन-तीन सेकंदांचे कट. हिचकॉकच्या 'द बर्ड्स' (१९६३) मध्ये नेहमीसारखं पार्श्वसंगीत नाहीच. शाळेबाहेर नायिका बाकावर सिगारेट ओढत बसली आहे, आतून मुलांचं गाणं ऐकू येतंय, आणि तिच्या मागे खेळायच्या लोखंडी सांगाड्यावर एक कावळा येऊन बसतो. पुन्हा ती. पुन्हा सांगाडा, आणखी काही कावळे. मग कॅमेरा तिच्यावरच थांबतो, बराच वेळ, आणि आपल्याला मागचं काही दाखवत नाही. गाणं चालूच. तो थांबलेला शॉट सगळं काम करतो. त्यानंतर ती उडणाऱ्या एका कावळ्याकडे बघत मान वळवते, तर अख्खा सांगाडा काळा झालेला असतो. कट कमी-जास्त करण्याचा प्रश्न नाही, जिकडे बघावंसं वाटतंय तिकडे बघू न देण्याचा आहे.

आणि नवरा घरातून निघायच्या आधी ओल्या बांधावर पंजाचा ठसा दाखवा. तो फक्त प्रेक्षकाला दिसू दे. त्याच्याच गमबुटाचा पाय त्यावर पडला आणि ठसा पुसला गेला, तर त्याला कधीच कळणार नाही. मग गाणं म्हणत माती ओढणारा माणूस बघताना ते शांत मिनिटसुद्धा शांत राहणार नाही.

उसातला_कॅमेरा (शिराळा)

तिघांचेही मनापासून आभार. ठशाचं आणि मोटरचं वाचून रात्री झोप लागली नाही. बायकोचं काम करणारी आमची वहिनी म्हणाली की मोटर बंद पडल्यावर हात थांबतो हे तिला सांगावंच लागणार नाही.

ताई, दोन गोष्टी विचारतो. कॅमेरा नक्की कुठं ठेवू? बिबट्याच्या नजरेतून म्हणून उसातून खालून एक शॉट घ्यावा असं सगळ्यांचं म्हणणं आहे. आणि आवाज मोबाइलवरच घेतला तर चालेल का? आम्ही शांतता रेकॉर्ड करायला गेलो तर सूं सूं असा आवाजच जास्त येतो. फिल्म पहिल्यांदा देवळापुढं पडदा लावून गावाला दाखवणार आहोत.

जवारी (मिरज)

बिबट्याच्या नजरेचा शॉट घेऊ नका. बिबट्या खांद्याशी साधारण दोन फूट उंच असतो, तेवढ्यावर कॅमेरा धरून उसातून सरकवता येईल, दिसेलही छान. पण त्या शॉटनं प्रेक्षकाला बिबट्याची जागा कळते. कुठे आहे ते कळलं की निम्मी भीती संपली. तीन वेळा पाचट वाजवून जी शंका तयार केली ती एका शॉटमध्ये खर्च करायची नाही.

कॅमेरा माणसाच्या छातीच्या उंचीवर, ट्रायपॉडवर, स्थिर. हातातला कॅमेरा हलला की प्रेक्षक त्या हलण्याकडे बघतो. स्थिर चौकटीत त्याची नजर स्वतः शोधत फिरते. नवऱ्याला चौकटीच्या एका कडेला ठेवा आणि दुसरीकडचा ऊस मोकळा सोडा. तिथे काही येणार नाही. सगळे तिकडेच बघत बसतील. मोबाइलची मुख्य लेन्स वाइड असते, तिनं सऱ्या मोकळ्या आणि लांब दिसतात, रान प्रशस्त वाटतं. सुरुवातीच्या मिनिटाला तीच बरी. गाणं थांबल्यानंतर दुप्पट-तिप्पट झूमच्या लेन्सवर जा आणि मोबाइल लांब न्या. मागचा ऊस त्याच्या पाठीला येऊन भिडल्यासारखा दिसेल. अंधारात त्या लेन्सवर चित्र दाणेदार होतं, म्हणून मागून उंचावर एक एलईडी पॅनेल बांधा, चांदण्यासारखा. एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, नाहीतर बॅटरी फिरली की सगळं चित्र उजळतं आणि मंदावतं. कॅमेरा फक्त एकदाच पुढे सरकू दे, पाणी मुरत असताना, त्याच्याकडे, इतका हळू की सरकतोय हे उशिरा कळावं.

सूं सूं येतं त्याचं कारण मोबाइल स्वतःच आवाज कमी-जास्त करत असतो. भोवती शांत झालं की तो माइकची संवेदनशीलता वाढवतो, मग शांततेच्या जागी खरखर वर येते. आपल्या सीनचा जीव आवाज जाण्यात आहे, आणि मोबाइल नेमकी तीच जागा भरून काढणार. म्हणून हाताने लेव्हल ठरवता येईल असं ॲप वापरा, किंवा साधा रेकॉर्डर भाड्यानं आणा. ४८ किलोहर्ट्झवर घ्या, सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, आणि सुरू झाल्यावर बटणाला हात लावू नका. माइकला वाऱ्यासाठी केसाळ टोपी हवीच.

पाचट मोडायचा आवाज रात्री उसात शिरून घेऊ नका. भारा घरी आणा आणि दुपारी बंद खोलीत, माइक जवळ ठेवून, वेगवेगळ्या जोरानं मोडा. वाळलेलं आणि दमट असं दोन्ही घ्या, दमट पाचट दबकं वाजतं, ते पहिल्या वेळेला उपयोगी पडेल. रात्रीचं शूटिंगही रानाच्या कडेला, सगळे मिळून, उजेड आणि गाडी जवळ ठेवून करा. खरा बिबट्या तिथे असू शकतो, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

पूर्ण शांततेतही ट्रॅक रिकामा सोडायचा नाही. पडद्यावर एकदम शून्य आवाज आला की लोक मागे वळून स्पीकर बंद पडला का बघतात. त्या रानाची रात्र, कुणीही न हलता, दोन-तीन मिनिटं रेकॉर्ड करून ठेवा आणि सगळ्या सीनखाली अंथरा.

देवळापुढच्या स्पीकरवर आदल्या दिवशी मोटरचा आवाज लावून बघा. १०० हर्ट्झचा सूर मोबाइलच्या स्पीकरवर जवळजवळ येत नाही आणि कर्ण्यातही येणार नाही, त्यासाठी मोठे बॉक्स मागवा. नंतर मोबाइलवर बघणाऱ्यांसाठी मोटरच्या अगदी जवळून घेतलेली तिची वरची घरघर थोडी मिसळा, म्हणजे बंद पडल्याचं त्यांनाही कळेल.

तोडीच्या आधी सगळं जमलं नाही तर चित्र शेजारच्या उभ्या फडातही घेता येईल. आवाज मात्र याच रानातले आत्ता घ्या: मोटर चालू, मोटर बंद होताना, आणि पाणी पूर्ण मुरेपर्यंत, मध्ये न थांबवता. माइक विहिरीपाशी नको, नवरा जिथे उभा असणार आहे तिथे ठेवा, आणि दुसरा त्याच वेळी घराच्या ओट्यावर.